परतीची

४ सप्टेंबर
आले बाई एकदाची. खोली अपेक्षेपेक्षा चांगली निघाली. उत्तरेला मोठी खिडकी आहे, म्हणजे दिवसभर एकसारखा उजेड. खिडकीखाली टेबल सरकवलं, भिंग आणि चिमटे मांडले, तेव्हा कुठे घर लागल्यासारखं वाटलं. मालकीणबाई बोलक्या आहेत. पगार किती आणि लग्न का नाही, हे दोन्ही त्यांनी चहा गार व्हायच्या आत विचारून घेतलं. मी दोन्हीची अर्धी अर्धी उत्तरं दिली. संग्रहालयाच्या कीटक विभागात लागले म्हटल्यावर झुरळांवर काही जालीम औषध मिळेल का, अशी चौकशी झाली. उद्यापासून कामावर.

६ सप्टेंबर
काम माझ्या आवडीचं आहे. नागअळ्यांच्या नोंदी. या अळ्या पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांच्या मधे राहतात आणि आतला गर खात पुढे सरकतात. बाहेरून दिसते ती फक्त पांढरी नागमोडी वाट, मधून विष्ठेची काळी रेघ. वाट दोऱ्यासारखी सुरू होते आणि अळी वाढेल तशी रुंदावते. पान उजेडाला धरायचं. अळी आत असेल तर सावली दिसते, नसेल तर घर रिकामं. पुढे तिचा तिळाएवढा पतंग होतो.

विभागाच्या मोठ्या सरांनी जुनी नोंदवही दाखवली. तारीख, ठिकाण, झाड, शोधणारा. शाईनं लिहायचं, खाडाखोड चालत नाही. एका पानावर त्यांनी बोट ठेवलं. तुतीवरची एक नागअळी आहे, विभागात तिला नुसतं ‘परतीची’ म्हणतात. तिची वाट पानभर हिंडून जिथून निघाली तिथेच परत येते आणि तिथेच फट पाडून अळी बाहेर पडते. शेवटची नोंद पंचेचाळीस वर्षांपूर्वीची. बोलताना सरांचा आवाज देवळात बोलल्यासारखा झाला होता.

सहा महिन्यांनी, तात्पुरत्या नेमलेल्या आम्हा दोघींपैकी एकीलाच कायम करणार आहेत, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

९ सप्टेंबर
दुसरी म्हणजे धाकटी. वयानं लहान म्हणून सगळे तिला तेच म्हणतात. आज तिनं मला तोंडावर पाडलं, तेही प्रेमानं. मालकीणबाईंच्या लिंबाच्या झाडावर मला एक वाट दिसली. मी ते पान मोठ्या ऐटीत दुर्मीळ म्हणून विभागात घेऊन गेले. धाकटीनं पान खिडकीशी नेलं आणि हळूच म्हणाली, ताई, ही तर लिंबावरची नेहमीची, आणि आत कुणी नाहीये हो. उजेडाला धरायचंच विसरले होते मी. बारा वर्षं हे काम करणारी मी. सरांना कळू नये म्हणून तिनं पान खिशात टाकलं आणि वर आपल्या डब्यातला अर्धा वाटा माझ्यापुढे सरकवला.

असल्या चांगुलपणाचा राग येतो. तो उलटवता येत नाही.

१३ सप्टेंबर
तिला दिसतं. बस, एवढंच आहे. मी एका झाडापाशी तासभर उभी राहते आणि ती चालता चालता, शेंगदाणे खात, ते बघा म्हणते. या आठवड्यात तिच्या नावावर सात नोंदी, माझ्या नावावर एक, तीही तिनं दाखवलेली. सर तिचं कौतुक करतात तेव्हा मी सगळ्यांत मोठ्यानं हो म्हणते. पोटात दुखतं माझ्या, दुसरं काही नाही. लिहून ठेवते, निदान वहीशी तरी खोटं बोलू नये.

१७ सप्टेंबर
तिला परतीची सापडली.

आवाराच्या मागच्या भिंतीलगत बुटकी तुती आहे. मी तिच्याजवळून रोज जाते. खालच्या फांदीवरचं चौथं पान. धाकटी धावत आली ती सरांकडे नाही, माझ्याकडे. म्हणाली, ताई, तुम्हालाच आधी दाखवते. पान तिनं तोडलं नाही, फांदीसकट जपून वाकवलं. वाट अगदी देठापासून निघालेली आणि आता वळून परत देठाकडे निघालेली. सावली हलत होती. देठाला तिनं निळा दोरा बांधला. ही तिची खूण. दोरा असलेल्या पानाला कुणी हात लावायचा नाही, अळी बाहेर येईपर्यंत ते तिचं. सर संध्याकाळी दौऱ्यावर निघणार होते, सोमवारी परत आले की सांगू म्हणाली. तिला दोन दिवस आईकडे जायचं होतं.

जेवले नाही आज. अंगाचा तिळपापड झालाय.

१८ सप्टेंबर
दुपारी गेले आणि पान खुडलं. अंगठ्याच्या नखानं देठ कापला. दोरा खिशात घातला. नोंदवहीत शाईनं लिहिलं, शोधणारी म्हणून माझं नाव. अक्षर छान आलं.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. असू दे. ती अजून खूप शोधील. मला एक पुरे.

१९ सप्टेंबर
पान खोलीवर बरणीत ठेवलं होतं. सकाळी उजेडाला धरलं तर त्यावर काहीच नाही. अळी निसटली असती तर वाट मागे राहायला हवी, फट हवी. पान कोरं, हिरवं, गुळगुळीत आहे. भिंगाखाली तीनदा पाहिलं. पान बदललेलं नाही, देठाला माझ्या नखाची खूण आहे.

अंगठा चुरचुरतो.

२० सप्टेंबर
अंगठ्याच्या नखाशी एक पांढरी रेघ उठली आहे. दोऱ्याएवढी. ओरखडा असेल. डॉक्टरांनी झाडाची अ‍ॅलर्जी म्हणून मलम दिलं आणि नखं कापत जा म्हणाले.

२२ सप्टेंबर
सोमवार. सरांनी नोंद पाहिली आणि खुर्चीतून उठले. माझा हात हातात घेतला. मी तो ओढून घेतला. शुक्रवारी नमुना बघू म्हणाले, तोवर अळीला त्रास नको.

धाकटी तुतीपाशी जाऊन आली. डोळे लाल होते. अभिनंदन ताई, एवढंच म्हणाली. एकदा माझ्या बाहीकडे पाहिलं. की मला तसं वाटलं? चोराच्या मनात चांदणं.

रेघ मनगटापर्यंत आली आहे. तिच्या मधून एक काळी रेघ जाते.

२३ सप्टेंबर
कोपरापर्यंत. दुखत नाही, हे सगळ्यांत वाईट. आत कुणीतरी सावकाश, पोटभर जेवतंय, एवढंच जाणवतं. खिडकीशी हात धरला. बोटांच्या कडा लाल दिसतात, बाकी हात काळा. कोपराजवळ कातडी उजळ झाली आहे आणि तिथे —

ट्रंकेतून लांब बाह्यांचे कपडे काढून घातले. मालकीणबाईंना म्हटलं थंडी वाजते. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

२४ सप्टेंबर
खांद्याला वळसा घातला. आता खाली येते आहे, दुसऱ्या बाजूनं. बोटाएवढी रुंद. स्वतःची जुनी वाट कुठेही ओलांडत नाही.

डॉक्टरांकडे पुन्हा जायला हवं. जाणार नाही. ते कुणाला तरी दाखवतील, तो कुणाला तरी दाखवील, आणि शेवटी उजेडाला धरायला बोलावतील तिलाच.

धाकटी कालपासून रजेवर आहे. आई आजारी. बरं झालं.

२५ सप्टेंबर
जेवणाच्या सुट्टीत टेबलावर डोकं ठेवलं होतं. दहा मिनिटं. जाग आली तर मनगटाला निळा दोरा.

खोलीत कुणी नाही. शिपाई म्हणाला, कुणीच आलं नाही. माझ्या खिशात पाहिलं. पानाचा दोरा खिशातच आहे. हा दुसरा.

गाठ तिचीच. दुहेरी, टोकं आखूड.

म्हणजे तिनं पाहिलंय. म्हणजे मी तिची —

दातांनी तोडला. रडू आलं, भीतीनं नाही. इथेही तिचाच नंबर आधी.

२६ सप्टेंबर
शुक्रवार. नोंदवहीच्या खोलीत आहे. आतून कडी घातली. डाव्या हातानं लिहिते.

वाट मनगटाशी परत आली. अंगठ्याकडे वळली.

बाहेर सर आणि ती. ती दार वाजवते आहे. ताई दार उघडा, म्हणते, मला सगळं माहीत आहे, मी रागावले नाही, आपण दवाखान्यात जाऊ. आवाज खरा वाटतो. ती खरंच रागावलेली नसेल. तेवढंच सहन होत नाही.

उघडलं तर वाचेन कदाचित. उघडलं तर ती हात खिडकीशी धरील. आणि नोंद —

वही उघडली. ठिकाण लिहिलं. झाड या रकान्यात माझं नाव लिहिलं. शोधणारी —

नखाखाली फट पडते आहे. सर धक्के देताहेत, कडी हलते —

हात उजेडाला धरला. सावली वळली. तिला दिसायच्या आत. आधी मी. आधी मी पाहि