आईचं ‘बरं हाय’

डोळखांब, ऑक्टोबर २००४

डॉक्टर मॅडम,

मी दिपिका. तुमी नव्या गोळीचा अभ्यास करायला आमच्या घरी येता, तवा दाराआड उभी असते ती. सातवीत शाळा सोडली, तवापासून चारचौघांत माझं तोंडच उघडत नाय.

काल तुमी आईला इचारलं, "मावशी, झोप लागते? जीव घाबरतो का?"

आई बोलली, "लागते की. आता कायपन नाय. तुमी चाय घ्या."

तुमी हसून बोलल्या, "मावशी तर माझ्यापेक्षा बऱ्या आहेत." तसं कागदावर लिवलं आनि गोळी बंद करू बोलल्या.

मॅडम, आमच्यात घरी आलेल्या पावन्याला दुखनं सांगत नाय. तुमी एवढ्या लांबून येता, आमचा चाय पिता. गुन नाय आला बोललं तर तुमाला वाईट वाटंल, म्हनून ती तसं बोलते.

खरं सांगू? आई रातभर जागीच असते. भात कापायला आली तर बांधावर बसून रडते. इहिरीवर मी तिला एकटी सोडत नाय. गोळी बंद करू नका, नायतर दुसरी द्या.

एवढं लिवलं तवा आई आली. "मॅडमना काय लिवतेस गो? वाच बघू."

मी वाचलं, "आई बरी हाय."

"बराबर," ती बोलली. "काकड्या धाडतो म्हनून पन लिव."

आता आईला दिसायला काकड्यांच्या पिशवीत ‘आई बरी हाय’ असा दुसरा कागद लिवून घालते; तुमी मात्र हाच खरा माना.

तुमच्यासमोर बोलता न आलेली,
दिपिका