टोपलीवरचा टॅग

दौंड,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. महेंद्रास अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

रविवार, १६ फेब्रुवारी २०२५, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे. या वेळी शिरूरच्या स्वतःच्या नर्सरीत, गिऱ्हाइकांदेखत, तुझ्या मुलीने, गौतमीने, मला, म्हणजे सख्ख्या आत्याला, भलतेच ऑर्किड दिले.

दिवाळीतच गौतमीला सांगून ठेवले होते की मला 'व्हँडा रॉक्सबर्गी' हवे. आमच्या कॉन्व्हेंटच्या आंब्यावर ते होते. उन्हाळ्यात ते फुलले की सिस्टर फिलोमिना आम्हा मुलींना रांगेत उभे करून वास घ्यायला लावायच्या आणि नाव पाठ करून घ्यायच्या. परवा टोपलीवरचा टॅग वाचला, तर 'व्हँडा टेसेलाटा'. मी विचारले. गौतमी म्हणाली, आत्या, दोन्ही एकच, आता हे नाव चालतं. मी तिला सांगितले की नावे माणसे बदलतात, झाडे नाही, आणि जिने तुला ए फॉर ॲपल शिकवले तिलाच शिकवायला निघू नकोस. त्यावर तिने टोपली माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. रेल्वेच्या ऑफिसात अख्खी नोकरी काढली आहे मी. असे तोंड फिरवणे म्हणजे चूक कबूल, हे मला कळते.

टॅगचा फोटो मी आमच्या बागप्रेमींच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले की या नर्सरीत एक सांगून दुसरे देतात. लोकांना सावध करणे माझे काम होते. टॅग कापून फेकला. झाड बाल्कनीत टांगले आहे, त्याचा काही अपराध नाही.

फोनवर तू हो ताई, बरं ताई म्हणून सुटतोस. म्हणून लेखी खुलासा हवा, २८ फेब्रुवारीच्या आत. तुझ्यावरचा लोभ शाबूत आहे. बाकीच्यांचे खुलासा वाचून ठरवीन.

तुझी
सुलोचनाताई


शिरूर,
४ मे २०२५

ती. ताईस सविनय जय भीम, वि. वि.

तुझी मुदत कधीच उलटली. लिहायला बसायचो आन् पेन ठेवून द्यायचो. तुझ्यासारखं शुद्ध मला जमत न्हाई, तेवढं सांभाळून घे.

आधी माझी चूक सांगतो. तू गेलीस त्याच दिवशी गौतमी झाडांच्या नावांचं पुस्तक पिशवीत घालून दौंडला निघाली होती, तुला दाखवायला. मीच तिला एसटी स्टँडवरनं माघारी आणली. म्हटलं, आत्या मोठी हाय, तिला खोटं पाडायचं न्हाई, आपोआप शांत होईल. मला वाटलं मी घर राखलं. प्रत्यक्षात पोरीला एकटी पाडली.

तू टाकलेला टॅगचा फोटो यवतपर्यंत फिरला. पाटसच्या एका लग्नात स्टेजच्या फुलांचं काम ठरलं होतं, ते त्यांनी दुसरीकडं दिलं. येणारा जाणारा हसून विचारतो, यातलं खरं कोणतं आन् खोटं कोणतं. तळेगाव ढमढेऱ्याच्या पोपटराव मामांनी तर गुलाब हातात धरून विचारलं, व्हय गं, गुलाबच हाय ना ह्यो. गौतमी बी हसली. आन् संध्याकाळी तिनं सगळ्या टोपल्यांवरचे टॅग काढून बादलीत टाकले. आता कुणी नाव विचारलं की सांगते, जांभळं, पिवळं, ठिपक्याचं. वनस्पतीशास्त्रात बी.एस्सी. झालेली पोरगी, ताई.

नर्सरी बंद करून एक जूनपासनं रांजणगावच्या कंपनीत लागते म्हणते. झाडांवरची शेडनेटची जाळी उतरवायला माणूसही बघून ठेवलाय. मी तिला कोणत्या तोंडानं अडवू.

तुझा विषय ती काढते, पण रागानं न्हाई. परवा जेवताना म्हणाली, आत्या त्या व्हँडाला रोज पाणी घालत असेल, कुजवून टाकेल. तुला कळवायला सांगितलंय: मुळं पांढरी दिसली तरच पाणी, हिरवी असली तर हात लावायचा न्हाई.

तब्येत जप. रागव, पण माया आटू देऊ नको.

तुझा
महेंद्र


दौंड,
१९ मे २०२५

चि. गौतमीस अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

रविवार, १६ फेब्रुवारी २०२५, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे. तारीख तीच, वेळ तीच. तक्रार तेवढी माझ्याविरुद्ध आहे.

तुझ्या बाबांचे पत्र आल्यापासून मुळे पाहून पाणी घालते. त्याआधी रोज घालत होते, तुझा अंदाज बरोबर होता. तरीही झाड जगले. शनिवारी सकाळी बाल्कनीचे दार उघडले आणि चष्मा शोधायच्या आधीच मी शाळेत होते. तोच वास. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी जाळी, मधोमध निळी जांभळी जीभ. मी हात मागे बांधून उभी राहिले. रांगेत दुसरे कोणी नव्हते.

मग नावांचा इतिहास शोधत बसले. एका साहेबाने एक नाव दिले, नंतरच्याने दुसरे; पुढे अभ्यासकांनी आधीचे, म्हणजे तुझे 'टेसेलाटा', कायम केले आणि माझे 'रॉक्सबर्गी' मागे पडले. झाड एकच. तुझी आजी त्याला रास्ना म्हणायची, आणि आणखी दोन भलत्याच झाडांनाही रास्नाच म्हणायची. तिच्याशी मी कधी भांडले नाही.

हे तू मला त्या दिवशी एका वाक्यात सांगितले होतेस. तुझे खरे असेल असे मला तेव्हाच वाटले होते. हे लिहायला मला दोन दिवस लागले. वस्तीतून त्या शाळेत गेलेली मी एकटी. ते लांबलचक नाव न अडखळता म्हणायची म्हणून सिस्टर मला रांगेत सर्वांत पुढे उभे करायच्या. तू ते नाव जुने झाले म्हणालीस आणि मला कोणीतरी पुन्हा मागे ढकलल्यासारखे झाले. पण ढकलले मी, तुला, आणि तुझ्याच दारात.

काल ग्रुपवर फुलाचा फोटो टाकला आणि लिहिले की नर्सरी खरी, तक्रार करणारी बाई खोटी. ग्रुपमधल्या नीलमने विचारले, कोण बाई. मी पूर्ण नाव लिहिले. पाटसलाही जाऊन आले. लग्न केव्हाच उरकले होते. वधूच्या आईने पाणी दिले, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, बाई, हे तवा सांगायचं होतं. मी म्हणाले, हो, चुकलेच माझे. हे माझ्या बाबतीत सहसा घडत नाही, तू जाणतेस.

रांजणगावला जाऊ नकोस असे म्हणायचा माझा अधिकार मीच घालवला. महेंद्रवर रागावू नकोस; मला कोणी अडवत नाही याची सवय त्या बिचाऱ्याला मीच लावली.

तरीही लेखी उत्तर हवे. ३१ मे, संध्याकाळी पाचच्या आत दौंडला पोहोचले पाहिजे. पत्र नको. बादलीतला एक टॅग पुसून घे आणि त्यावर तुझ्या अक्षरात दोन्ही नावे लिही, तुझे वर, माझे खाली. टोपलीला टॅगसाठी तार बांधून ठेवली आहे. टॅग आला तर मी रविवारी शिरूरला येईन आणि बाकीचे टॅग तू सांगशील तसे लिहीन. माझे अक्षर अजून चांगले आहे. नाही आला, तर तेही उत्तरच समजेन, आणि पाणी मुळे पाहूनच घालीन.

लोभ मागत नाही. उरला असेल तेवढा टॅगबरोबर पाठव.

तुझी
आत्या