बाबांच्या वजनाची गोणी

बाबा,

तुम्ही पूजेला बसलात, म्हणून लिहून जातेय. कोठीतली गव्हाची गोणी शोधू नका, ती माझ्या गाडीत तुमच्या सीटवर आहे.

स्पोर्ट्स कार हौसेने जमिनीलगत खाली करून घेतली मी, आणि खजरान्याच्या स्पीडब्रेकरवर तुमच्या ऑपरेशन झालेल्या पाठीला दणका बसला. आता सस्पेन्शन नवीन टाकलंय, दोन बोटं उंच आणि मऊ. मिस्त्री म्हणाला, "दीदी, बाबूजी का वजन बता दो, उसी पे सेट करेंगे." एकच गोणी पुरली, इतके वाळलात तुम्ही. तिच्यावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवून सुदामा नगरच्या सगळ्या ब्रेकरवरून फिरले. पाळण्याची दोरी कुणी हळू ओढावी तशी गाडी चालते. गहू कोरडे आहेत. आतून-बाहेरून पॉलिश झालंय, तुमचं डोकं दुखवणारा सेंटही काढलाय.

चार वाजता डॉक्टरांकडे मीच नेणार, रिक्षा सांगू नका. त्या दिवशी तुम्ही एक शब्द न बोलता उतरलात आणि रिक्षाने घरी आलात. आज जरासा जरी धक्का बसला, तर पोटभर रागवा. मी शेजारीच असेन.

श्रिया