बाण नसलेला खेळ

३ फेब्रुवारी
मला कोंडले आहे! दुसरा शब्द नाही. या नव्या घरी येऊन दहा दिवस होत नाहीत तोच गेल्या मंगळवारी मी वाट चुकले – एकदा! – तर चिरंजीवांचे फर्मान निघाले. "आई, एकटी बाहेर पडायचं नाही." चौतीस वर्षे शाळा तपासनीस होते मी. अनोळखी फाट्यावर बसमधून उतरायचे आणि शाळा शोधून काढायचे. आता नुसती चप्पल घातली तरी विचारणा – "कुठे निघालीस?"

१० फेब्रुवारी
चिरंजीवांनी गेमचा डबा आणून टीव्हीला जोडला. "यात हिंड हवं तेवढं." हिंड म्हणे! उपाशी माणसाला जेवणाचा फोटो.

१४ फेब्रुवारी
पहिला खेळ. एक किल्ला, त्यात एक बोळ, बोळाच्या टोकाला गदावाला राक्षस. एकेचाळीस वेळा मेले. चुकायला मात्र जागाच नाही, वाट एकच! शेरा: पेपर अवघड, अभ्यासक्रम वीतभर.

२२ फेब्रुवारी
दुसरा. माळ, डोंगर, समुद्र – अफाट. पण डोक्यावर सदैव एक बाण. इकडे वळ, तिकडे वळ. चार दिवस त्याच्या मागे फिरले. डोळे मिटले तर एक जागा आठवत नाही. राक्षस असे की शिंकले तरी पडावेत. चिरंजीव गाडी अशीच चालवतात – फोन म्हणेल तिकडे. शेरा: सहल झाली, शिक्षण शून्य.

१ मार्च
तिसरा. बाण नाही, नकाशा नाही. दलदल, पडके गाव, आणि पाण्यावर चालणारी एक बाई. दोन फटक्यांत मला संपवते. अन्याय! रिमोट आपटला. सून म्हणाली, "आई, तो रिमोट नाही, कंट्रोलर." जे काय असेल ते. आपटला.

५ मार्च
"एवढा राग येतो तर सोडून का देत नाही?" – सून.
कारण या खेळात जागोजागी कंदील आहेत. मेले की शेवटच्या कंदिलापाशी उठते. म्हणजे चुकणे हा गुन्हा नाही. परतायची जागा ठाऊक हवी. चौकटीच्या वहीत नकाशा काढते आहे. आज भिंतीतली एक फट दिसली, आत अख्खे तळघर! बाई मारील या धास्तीने पाऊल जपून टाकत होते, म्हणूनच दिसली. सोपे असते तर धावत पुढे गेले असते.

११ मार्च
वहीच्या मागच्या पानावर आमची गल्ली. पहिला कंदील: शिंपी. दुसरा: औषधांचे दुकान. दुपारी दोघे कामावर. मी एकटीच गेले. आले. कोणाला सांगायचे नाही.

१९ मार्च
सातवा कंदील – पिवळी पाण्याची टाकी! दोनदा चुकले, दोनदा शिंप्यापाशी परत. "मावशी, रोज काय तपासता?" "तुझी शिवण!"

२६ मार्च
पाणबाई पडली! त्रेसष्टाव्या खेपेला! कोणाला तरी सांगायलाच हवे, म्हणून चिरंजीवांना संदेश धाडला – "शेवटी हरवले!" बोलताना 'हरवलं', लिहिताना 'हरवले' – कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी पट्टी मारून शिकवले आहे. मग आत जाऊन निवांत झोपले, उठून चहा ठेवला.

मी लिहिले, तिला हरवले. त्याने वाचले, आई हरवली!

फोन टीव्हीपाशीच राहिला. पाहिला तर अठरा कॉल येऊन गेलेले. एकोणिसावा उचलला.
"आई! कुठे आहेस?"
"घरी. चहा पितेय. तू कुठे आहेस?"
मला शोधायला कामावरून धावत आलेला. गाडी कुठेतरी लावून, घरी न डोकावताच, तासभर गल्ल्या पालथ्या घालत होता.
"मी... काही कळत नाहीये गं. फोन बंद पडेल आता."
"समोर काय दिसतं?"
"पिवळी टाकी आहे एक."
"हलू नकोस. आले."
"एकटी नको येऊ–" फोन मेला.

टाकीच्या कठड्यावर बसला होता, शाळा सुटल्यावर बसायचा तसा. येताना मी पुढे, तो मागे. शिंप्याने हात केला, "आज उशीर, मावशी?" चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले. मी सरळ पुढे.

२७ मार्च
सकाळी वही सापडेना. चिरंजीव स्वयंपाकघरात बसून मागचे पान उतरवून घेत होते.
"आई, टाकीच्या पलीकडे काय आहे?"
"ठाऊक नाही. चप्पल घाल."