करवंदीचं पान

मंगळवार, महाड

डोंगरावरच्या वाडीतल्या सखूबाई आज वाचनालयात पुस्तक परत द्यायला आल्या. बकऱ्या चारताना वाचतात. शब्द अडला की तिथे करवंदीचं पान खोचतात. पहिली कादंबरी पानांनी फुगून आली, तेव्हा मी ग्रंथपाल म्हणून केवढा खेकसलो होतो! मग अडलेले शब्द समजावण्याची मलाच गोडी लागली.

आज जाडजूड जुन्या कादंबरीत करवंदीचं एकच पान. ऐटीत उघडलं, तर तो शब्द मलाही येईना.

"नाय येत ना? मग ह्ये पान तुमचं, भाऊ," त्या हसून म्हणाल्या. "पयल्यापासनं वाचा, कळंल."

पहिल्यापासून? ही कादंबरी मी वाचलीच नव्हती, हे त्यांना कसं कळलं?

पुस्तक घरी आणलंय. करवंदीचं पान अजून बरंच लांब आहे.