उद्धव चित्रशाळेची पाटी उतरवण्याबाबत

मी, धर्माजी निवृत्ती शेळवणे, वय अडुसष्ट, धंदा तसबिरी रंगवण्याचा, मूळ गाव भूम, जिल्हा धाराशिव, हल्ली राहणार उद्धव चित्रशाळा, बाजारपेठ, चाकण, तालुका खेड, जिल्हा पुणे, शुद्धीवर असताना आणि आठवण शाबूत असताना माझ्यामागची व्यवस्था इथे सांगून ठेवतो. उजवा हात दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने गेला. म्हणून मी बोलतो आहे आणि वकील विजयश्रीताई समोर बसून टाइप करत आहेत. डोके ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. ‘कोणाच्याही दबावाखाली नसून’ हे शब्द ताईंनी घरूनच टाइप करून आणले होते. कायद्याला लागतात म्हणून राहू दिले. मला मात्र हसू आले.

ताई म्हणतात, मृत्युपत्रात राग-लोभ लिहू नयेत, कोर्टात वाचायला बरे दिसत नाही. मी म्हटले, राग वगळला तर माझ्याकडे वाटण्यासारखे फारसे उरत नाही.

कलम १. घर.

हे घर मला माझे गुरू आणि सासरे कै. उद्धवराव कड यांच्याकडून आले. कोल्हापूरला चित्रकला शिकून ते चाकणला परतले आणि मेलेल्या माणसांच्या तसबिरी रंगवू लागले. फोटोवरून, तेलरंगात, हुबेहूब. त्या काळी आसपासच्या गावांत कोणी गेले की वर्षश्राद्धाच्या आत उद्धवरावांची तसबीर भिंतीवर लागायची. नाही लागली तर भाऊबंद बोलायचे. मी भूमहून पोटासाठी आलो तो भोसरीच्या एका कारखान्यात यंत्रांवर नंबर आणि बाण रंगवत होतो. माझा बाण सरळ आलेला पाहून त्यांनी मला उचलले, नऊ वर्षे शिकवले आणि शेवटी आपली मुलगी जयमाला दिली. मी घरजावई झालो. गुरू आणि सासरा एकच माणूस असला की रुसून जायला दुसरे घर राहत नाही, हे मला उशिरा कळले.

त्यांच्या मृत्युपत्रात घर जावयाला दिले आहे. पण एक अट आहे. ‘उद्धव चित्रशाळा’ ही पाटी खाली उतरली, किंवा सबंध वर्षात या घरातून एकही तसबीर रंगवून गेली नाही, तर घर त्यांचा पुतण्या किसन याच्याकडे जावे. जावयाने दुसरा धंदा धरू नये म्हणून केलेली ही सोय. एकवीस वर्षे मी ती पाळली. किसन दर गुढीपाडव्याला श्रीखंडाचा डबा घेऊन येतो, आधी पाटीकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि तब्येत विचारतो. श्रीखंड चांगले असते, हे मान्य केले पाहिजे.

या घरात मी माझ्या हाताने एक खिळा ठोकलेला नाही. सासरे होते तोवर परवानगी नव्हती, ते गेल्यावर सवय नव्हती.

हात गेला तेव्हा दवाखान्यात दहा-बारा दिवस तोंडातून शब्द नीट येत नव्हते. जे पहिले धड वाक्य आले ते मी माझ्या एकुलत्या एक मुलीला, तेजलला, म्हणालो: पाटी उतरू देऊ नकोस. तिने मान हलवली. तेजल एकोणतीस वर्षांची आहे. इथल्याच मोटारींच्या एका कारखान्यात पेंट शॉपच्या क्वालिटीला आहे. दाराच्या पत्र्यावर रंगाखाली अडकलेला धुळीचा कण तिला लांबून दिसतो. ती नजर मी घडवली, ती सहा वर्षांची असल्यापासून, रविवारी खेळायला न सोडता. कंपनी तिला चेन्नईच्या प्लांटवर वरच्या जागेला पाठवणार होती. दोनदा विचारले. दोन्ही वेळा ती नाही म्हणाली, कारण सहा दिवस शिफ्ट करून सातव्या दिवशी ती इथे स्टुलावर बसते आणि मेलेल्यांचे चेहरे रंगवते. तिने रंगवले नाही तर घर जाते. मी खुर्चीत बसून तिच्या चुका काढतो.

कलम २. कोटाचा खाका.

कपाटाच्या वरच्या कप्प्यात बटर पेपरची सुरळी आहे. तिच्यावर टाचणीने भोके पाडून एक धड काढलेले आहे: काळा कोट, पांढरी कॉलर, डावा खांदा जरा उतरलेला. कागद कॅनव्हासवर धरून कोळशाच्या पुडीची पोटली थापटली की ठिपके उमटतात आणि कोट तयार होतो. गिऱ्हाईक आणायचे तो फोटो नुसत्या डोक्याचा, रेशनकार्डावरचा नाहीतर कंपनीच्या ओळखपत्रावरचा. खालचे धड आमचे. ‘माणूस कसाही जगो, भिंतीवर कोटातच गेला पाहिजे,’ असे सासरे म्हणत. त्यामुळे या पंचक्रोशीत ज्यांनी आयुष्यात कोट पाहिला तो फक्त बँडवाल्यांच्या अंगावर, अशी शेकडो माणसे एकाच कोटात, एकाच उतरत्या खांद्याने टांगलेली आहेत. तो खांदा सासऱ्यांचा स्वतःचा होता.

एकदाच मी खाका सोडला. शेलपिंपळगावचे चिमाजी गेले. त्यांची तसबीर न्यायला त्यांची बायको रतनबाई आली आणि बघतच राहिली. म्हणाली, “ह्यो कोण म्हनायचा? आमच्या मान्सानं जल्मात कोट घातला न्हाई. बंडी घालायचे ते. हा परका मानूस मी घरात न्हाई न्हेनार.” सासरे आळंदीला गेले होते. मी आठ दिवसांत चिमाजींना बंडीत रंगवले, खांदे दोन्ही सरळ, कांद्याची पोती वाहून मानेशी पडलेल्या घट्ट्यासकट. आयुष्यात माझे म्हणावे असे तेवढे एक काम. सासरे परतले, त्यांनी पाहिले आणि खाका काढून माझ्यापुढे ठेवला. मी त्यांच्या देखत चिमाजींना पुन्हा कोट चढवला. रतनबाईने मुकाट्याने तसबीर नेली, कारण दुसरा चित्रकार कुठे होता.

तर रतनबाईला निरोप द्यावा: कोट निघतो. मी मध्ये वार्निशचा एक हात दिला होता, सासऱ्यांच्या नकळत. जाणकाराने टर्पेंटाइनच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसले तर वरचा कोट सुटेल आणि खाली बंडी आहे. बाई पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, म्हणून हा निरोप माझ्या मरणाची वाट न पाहता द्यावा.

खाका मी किसनला देतो. कोट त्यालाही बसेल.

कलम ३. टीव्ही.

टीव्ही जयमालेचा. बँकेत जे असेल तेही तिचे. पण टीव्हीबद्दल आणखी सांगायचे आहे, कारण या मृत्युपत्राचे मूळ त्यात आहे.

हात गेल्यावर तेजलने मला मोबाइलवरून टीव्हीवर चित्रकारांचे माहितीपट लावून दिले. अमेरिकेतल्या हुबेहूब चित्रे काढणाऱ्या लोकांचे मला वेड लागले. दोन वर्षांत पंधरा तरी पाहिले असतील. इंग्रजी कळत नाही, पण रंग लावणारा हात कळतो. एकाने खुंटीवरचा जुना कोट रंगवायला सबंध हिवाळा घालवला होता. कोपराला विरलेला, खिशाला फाटलेला, त्याच घरातल्या म्हाताऱ्याचा. त्या कोटापुढे मी रडलो. जयमालेला वाटले, मला पुन्हा झटका आला.

या लोकांचीही घराणी असतात. बाप चित्रकार, मुलगे चित्रकार, मुली चित्रकार, शिष्य येऊन मुलीशी लग्न करतो आणि तिथेच राहतो. मी तेजलला म्हणायचो, बघ, आपल्यासारखेच आहे सगळे, फक्त बर्फ जास्त. ती रविवारी काम करता करता मला भाषांतर करून सांगायची. एका माहितीपटात चित्रकाराची ऐंशी वर्षांची मुलगी खिडकीशी बसून बोलत होती. बोलता बोलता ती थांबली, हातांकडे पाहिले आणि एक वाक्य म्हणाली. तेजलने त्याचे भाषांतर केले नाही. मी विचारले, काय म्हणाली? तेजल म्हणाली, “काही नाही पप्पा, जेवणाचं सांगतेय.”

बाई जेवणाचे सांगत नव्हती. तेवढे मला चेहऱ्यावरून कळते, चेहऱ्यांवरच पोट भरले आहे. पुढे माझी पुतणी मोनिका भेटायला आली. ती मारुंजीला राहते, हिंजवडीत नोकरी करते, आज साक्षीसाठी तीही आली आहे. तेजल कामावर होती. मी मोनिकाला तो भाग लावायला सांगितले. तिने ऐकले आणि सांगितले की बाई म्हणते, वडिलांनी मला सगळे शिकवले, फक्त चित्रं काढायची आहेत का हे कधी विचारले नाही.

मी मोनिकाला तो भाग तीनदा लावायला लावला. मग टीव्ही बंद करायला सांगितला. त्या दिवसापासून मी एकही माहितीपट पाहिलेला नाही. माझ्या सासऱ्यांनी मला कोंडले असे मी जन्मभर मनात धरून बसलो, आणि कडी कधी माझ्या हातात आली ते मला कळले नाही.

कलम ४. हत्यारे.

खारीच्या केसांचे ब्रश, हात टेकायची काठी, रंग कालवायची तबकडी, उत्तरेच्या खिडकीतले स्टूल, सगळे तेजलचे. विकावे, द्यावे, ठेवावे, जाळावे. या कलमाला अट नाही. ताई, हे वाक्य ठळक अक्षरात करा.

कलम ५. पाटी.

माझ्या मृत्यूनंतर तेराव्याच्या आत पाटी उतरवावी. घर अटीप्रमाणे किसनला जाईल, जाऊ द्यावे. दवाखान्यात घेतलेल्या शब्दातून मी तेजलला मोकळे करतो. जयमालेने तिच्याबरोबर जावे, चेन्नई म्हणा, कुठे म्हणा.

इथवर टाइप झाले तेव्हा जयमाला चहा घेऊन दारात उभी होती. तिने कलम पाच ऐकले. हे घर तिच्या बापाचे, ती इथेच जन्मली. मला वाटले आता ती बापाची बाजू घेईल, आजवर घेत आली तशी. तिने चहा ठेवला आणि म्हणाली, “म्हणजे तुम्ही मरेपर्यंत पोरीनं वाट बघायची का? तुमच्या मरणाची?”

मी म्हटले, अगं, तुझे घर जाईल. ती म्हणाली, मला विचारून दिले होते का कोणी? भाड्याने राहू. कंपनीतली हजारो माणसे राहतात की या गावात.

मी ताईंना विचारले, कलम पाच आजपासून लागू करता येईल का? ताई म्हणाल्या, काका, मृत्युपत्र मेल्यावरच चालते. एवढा कायदा मलाही माहीत होता. खरे म्हणजे म्हणूनच मी मृत्युपत्र करायला बसलो होतो. मेल्यावर सोडायचे म्हणजे आपल्याला सोडलेले बघावे लागत नाही.

कलम ५ रद्द.

त्याऐवजी किसनच्या नावे वेगळे पत्र केले. पाटी आज उतरवत आहोत, घर अटीप्रमाणे तुझे, ताबा घे. दोन वाजता किसनला फोन केला. अडीचला तो हजर. पत्र वाचले, परत वाचले, पाणी मागितले. पितृपक्ष तोंडावर आला आहे, कोपऱ्यात चार तसबिरी अर्ध्या आहेत, त्यांचे काय, असे त्यानेच विचारले. मी म्हटले, पैसे परत. तो म्हणाला, दाजी, दिवाळीपर्यंत राहा, घाई नाही. हे नोंदवून ठेवतो, कारण त्याच्याबद्दल चांगले लिहायला मला दुसरे काही मिळाले नसते. पाटी त्यानेच शिडी लावून उतरवली. पाटीमागची भिंत ओली निघाली.

तेजल पहिली शिफ्ट करून कंपनीच्या बसने चारला आली. दारात उभी राहून वर पाहिले, आत आली आणि बॅग न काढता स्टुलावर बसली. तिला वाटले, कोणीतरी वारले. मी तिला सगळे सांगितले. चेन्नईचे विचारले. ती म्हणाली, दुसरी मुलगी गेली जूनमध्ये, परत कधी विचारतील माहीत नाही. मग मी तिला तेवीस वर्षे उशिराचा प्रश्न विचारला: तुला चित्रं काढायची आहेत का?

तिने कोपऱ्यातल्या चार तसबिरींकडे पाहिले आणि म्हणाली, “पप्पा, मला चित्रं आवडतात. मला कधी जिवंत माणूस काढायला दिलाच नाहीत तुम्ही.”

ताई विचारत आहेत, हे लिहायचे का. लिहा. आणि खाली अंगठ्याची जागा दाखवा.

ठिकाण: चाकण
दिनांक: १४ ऑगस्ट २०२५, गुरुवार

लिहून देणार: धर्माजी निवृत्ती शेळवणे (डाव्या हाताचा अंगठा)

वरील मजकूर धर्माजी शेळवणे यांना आमच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी एकही शब्द बदलला नाही.

साक्षीदार १: मोनिका शेळवणे, मारुंजी (सही)
साक्षीदार २: किसन कड, चाकण (सही)