दोन मशीनं आणि एक रीळ

नांदेड,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय रामलिंग,

पाशाचा सलाम, आणि तुमच्या रीतीनं शरणार्थ.

एकोणीस वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटंसुलटं केलं असशील. फाडून फेकलं नाहीस, एवढ्यावर पुढचं लिहितो. फोन का केला नाही म्हणशील. नंबर आहे. तुझी लेक शिल्पा गेल्या वर्षी माझ्या पोराच्या, यासेरच्या दुकानात आली होती, तिनं लिहून दिला. पण फोनवर मला मोकळं बोलता येत नाही, आजूबाजूला चार माणसं असतात. पत्र बरं.

इकडं ठीक आहे. आपलं रेडिओचं दुकान आता यासेरचं मोबाइलचं दुकान झालंय. माझ्यासाठी त्यानं कोपऱ्यात एक टेबल ठेवलंय. कधीमधी कुणी हौशी माणूस जुना रेडिओ घेऊन येतो, नाहीतर मी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघतो. नात अलीझा दहावीला आहे, माझी सगळी बडदास्त तिच्याकडं. यंदाच्या पावसानं अर्धापूरच्या केळीबागा आडव्या केल्या. तुमच्याकडं सोयाबीनचं काय झालं? तुझी शुगर कशी आहे? अजून चोरून जिलबी खातोस का?

माझी सुलतान मार्चमध्ये गेली. तुझ्या कानावर आलं असेलच. तू आला नाहीस याचा राग नाही. यायचं तोंड मीच ठेवलं नव्हतं.

परवा माझं जर्मन टेपचं मशीन माळ्यावरून काढलं. पुसलं, तेल घातलं, एक रीळ चढवलं. वाल्व अजून शाबूत आहेत. मिनिटभर तापले आणि पुढचा तो हिरवा डोळा लुकलुकायला लागला. आवाज वाढला की मिटतो, उतरला की उघडतो. मी बराच वेळ त्याच्याकडं बघत बसलो.

आपण किती भांडलोय रे त्या दोन मशीनांवरून! भोकरच्या शाळेत एका बाकावर बसलो तेव्हा जेवढे भांडलो नाही, तेवढे पोराबाळांचे बाप झाल्यावर भांडलो. महिन्यातून एकदा माझा शुक्रवार तुझ्या घरी लातूरला. काखेत रिळांची पिशवी घेऊन एसटीनं यायचो, आणि माझ्या मशीनवर घरी ऐकलेलं रीळ तुझ्या मशीनवर लावून आपण तुलना करायचो. माझ्या जर्मनचा आवाज तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखा, गरम आणि मऊ. तुझ्या जपानीचा स्वच्छ, तबल्यावरचं बोट न् बोट वेगळं. पण चाल मात्र ढिली. ते माझ्या मामेभावानं जेद्दाहून आणलेलं. तिकडच्या विजेवर त्याची मोटर नेमानं फिरायची, आपल्या विजेवर सावकाश. त्यामुळं विकतचं रीळ लावलं की गवई पडसं झाल्यागत जाड आवाजात गायचा. मी म्हणायचो, "रामलिंग, तुझं मशीन अफू खाऊन बसलंय." तू म्हणायचास, "माझं मशीन घाई करत न्हाई, पाशा. तुझ्यासारखं न्हाई."

एकच रीळ असं होतं, जे तुझ्या मशीनवर अगदी खरं वाजायचं. रतनावहिनीचं. कारण ते त्याच मशीनवर भरलेलं होतं, त्याच ढिल्या चालीवर. ढिल्या चालीनं भरलं, ढिल्या चालीनं वाजलं, हिशेब बरोबर.

१९८४ चा तो उन्हाळा आठवतो ना? शिल्पा मांडीवर, वहिनी तिला कानडी पाळणा म्हणत होत्या, शेजारी सुलतान बसली होती. तू म्हणालास, "पाशा, भरून घे." मी खुंटी दाबली आणि आवाज दाखवणाऱ्या काट्याकडं बघत बसलो. गाणं अर्ध्यावर आलं आणि काटा मध्येच उडाला. सुलतान वहिनींच्या कानाशी लागून काहीतरी बोलली होती. शब्द मला कळले नाहीत, पुढं रीळ ऐकतानाही कधी कळले नाहीत, काटा उडालेला तेवढा दिसला. गाणं संपल्यावर मी तुम्हा सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसलो, "मशीन चालू असताना बोलायची अक्कल न्हाई का तुला? रीळ नासवलंस."

ती हसली होती तेव्हा. पण त्यानंतर मशीन चालू असलं की ओठ मिटून बसायची. आयुष्यभर आवाज भरायचं आणि दुरुस्त करायचं काम केलं मी, लग्नांत, उरुसांत, कुणाकुणाची भाषणं भरून दिली. घरच्या बाईचा आवाज कुठंच नाही. यासेरच्या मोबाइलमध्ये तिचे फोटो शंभर आहेत. चार व्हिडिओ आहेत, त्यातही ती हातानंच नको नको म्हणते. ज्यानं रीळ नासवलं म्हणून मी ओरडलो, तेवढं एकच वाक्य तिचं या जगात उरलंय, आणि ते तुझ्या घरी आहे.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो.

वहिनी गेल्यावर तू मशीन माझ्याकडं दिलंस. रबर झिजलंय, तेवढं बदल म्हणालास. मी रबर बदललं, आणि विचारलं नव्हतंस तेही केलं. वीस वर्षं मला ती ढिली चाल खुपत होती. वाटलं, मित्र दुःखात आहे, त्याचं मशीन माझ्या मशीनच्या तोडीला आणून देतो. मोटरवरची पितळी पुली काढली, थोडी मोठी करवून बसवली. जुनी भंगारात टाकली. विकतचं रीळ लावून बघितलं, गवई सुरात आला. काय खूष झालो मी!

वहिनींच्या रिळाचा विचार एकदाही मनात आला नाही. रामलिंग, अल्लाशपथ आला नाही.

आठ दिवसांनी तू ते धूड मांडीवर घेऊन एसटीनं नांदेडला आलास. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. तू रीळ लावलंस. चाल वाढली होती, त्यामुळं वहिनींचा आवाज बारीक, लगबगीचा आला. तू म्हणालास, "पाशा, ही माझी रतना न्हाई. ही कुणाची तरी ल्हान पोरगी हाय."

मला त्याच क्षणी सगळं कळलं. पुली परत बारीक करवली असती तर दोन दिवसांचं काम होतं. पण अर्ध्या मराठवाड्यात माझ्या कानाचं नाव होतं, आणि ते लोक ऐकत उभे होते. मी म्हणालो, "लातूरच्या उन्हानं फीत आक्रसली. आता काही होणार न्हाई. माझा कान कधी चुकला का?" ती थाप होती. आणि तू तरीही उभा राहिलास तेव्हा वर बोललो, "गेलेलं माणूस टेपातून परत येत न्हाई."

तू मशीन उचललंस आणि गेलास. माझ्या एका थापेनं तू एकोणीस वर्षं समजत राहिलास की तिचा आवाज मेला. तो मेला नव्हता. मी दाबून ठेवला होता. सुलतान मला दरवर्षी म्हणायची, "जावा, भाऊजींना सांगून या." मी बघू म्हणायचो. आता ती नाही, आणि माझंच वाक्य रोज माझ्या दाराशी येऊन बसतं.

या पत्रासोबत डबी आहे. तीत कापसात गुंडाळलेली पुली आहे. जुन्या वहीत माप सापडलं, इथल्या लेथवाल्या महांतेशकडं उभा राहून करवून घेतली. आत्ता मशीनवर आहे तिच्यापेक्षा जराशी बारीक आहे. मागचं झाकण काढ, मोटरच्या दांड्यावर एकच स्क्रू आहे, तो ढिला करून ही बसव. मशीन विकलं असशील, मोडलं असशील, तर डबी विहिरीत टाक. पण तू विकलं नसशील.

ही पुली मी मापानं केलीय, कानानं तपासलेली नाही. जर्मन मशीन परवा लावलं म्हणालो ना, ते मी बघितलं फक्त. हिरवा डोळा हलत होता, म्हणजे वाजत असणार. चार वर्षं झाली. डावा कान पार गेला, उजव्याला जाड आवाज तेवढा थोडा कळतो. अलीझा सगळं पाटीवर लिहून दाखवते. फोन त्यामुळंच केला नाही. सुलतान होती तोवर निभलं. जेवायला, रिक्षात, लग्नाच्या मांडवात, ती कायम माझ्या उजव्या हाताला बसायची, मला वाटायचं सवय. ती गेल्यावर कळलं की घरात किती शांत आहे.

तेव्हा एक मागतो. माफी मागत नाही, ती मागायला तुझ्या दारात यायला हवं. रीळ लाव. वहिनींना ऐकून घे, पोटभर. आणि मग मध्येच सुलतान काय बोलते ते मला कागदावर लिहून पाठव. जसं बोलते तसंच. मी वाचीन.

तुझा, असं लिहायचा हक्क राहिला नाही, म्हणून नुसतं
पाशा


लातूर,
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

पाशा,

पत्र पोचलं, डबी पोचली. तीन दिवस जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी शिल्पाला वाचायला दिलं. ती रडली, मी चिडलो. फीत आक्रसली म्हणे! मी मास्तर माणूस, तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून माझ्या बायकोला उन्हात ठेवल्याबद्दल एकोणीस उन्हाळे स्वतःला शिव्या देत बसलो. माफ केलं असं मी लिहिणार नाही. लिहिलं तर ती दुसरी थाप होईल.

मशीन विकलं नाही. रतनाच्या इरकली लुगड्याखाली झाकून ठेवलं होतं. पुली मीच बसवली. दोन तास लागले. रीळ लावलं.

रतना आली, पाशा.

अंमळ जाड येतो आवाज, तुझं माप केसभर चुकलंय. पण तीच आहे. पाळण्याच्या तिसऱ्या ओळीला ती दम घेते, तिथं मी खाली बसलो. शिल्पानं आपल्या आईचं गाणं आणि आपलंच तान्हेपणीचं रडणं ऐकलं. आम्ही ते सहा वेळा लावलं.

आता सुलतानभाभींचं. त्यासाठी मला मशीन लावायची गरज नव्हती. ते वाक्य मला चाळीस वर्षं पाठ आहे, रतनालाही होतं. भाभी म्हणतात:

"रतना, जरा मोठ्यानं गा गं. ह्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. कुणाला बोलू नको, कानावरच त्यांचं पोट हाय."

तेवढंच आहे. मग तू ओरडतोस, तेही रिळात आलंय.

कुणाला बोलू नको म्हटलं होतं, म्हणून आम्ही बोललो नाही. तू लातूरला आलास की रतना तुझं ताट भिंतीला लागून मांडायची, तुझी डावी बाजू भिंतीकडं यावी म्हणून. तुला वाटायचं पंख्याखाली बसवते. भाभी उजव्या हाताला का बसायच्या, ते तू आत्ता लिहिलंयस आणि तुला अजून कळलेलं नाही. आणि त्या दिवशी भरल्या दुकानात तू "माझा कान कधी चुकला का" म्हणालास, तेव्हा एक वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते बोललो असतो तर तुझं दुकान बसलं असतं. भाभी काउंटरच्या मागं उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मशीन उचललं.

कागदावर लिहून पाठव म्हणालास, लिहिलं. पण आवाज असा वाचायचा नसतो, हे मी तुला शिकवायला हवं का? जाड आवाज तुला उजव्या कानानं अजून कळतो म्हणतोस. मग तुझं माप चुकलं ते बरंच झालं. माझं मशीन घाई करत नाही.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी शिल्पा गाडी काढते आहे. मशीन मांडीवर घेऊन येतो. भांडायचं राहिलंय ते आल्यावर भांडू, अलीझाला म्हणावं दोन पाट्या तयार ठेव. आधी रीळ ऐकू.

मी तुझ्या उजव्या हाताला बसेन.

रामलिंग